शीतगृहातला सराव

गार्गीच्या बँडबरोबर मी तीन दिवस फिरून आले, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलंच असेल. काय सांगितलं असेल तेही मला ठाऊक आहे. आजी मजेत होती, चुलीवरची भाकरी जेवली, द्राक्षांचे मळे पाहून आली. यातलं काहीच खोटं नाही. पण त्या तीन दिवसांतला बराच वेळ मी घाबरलेली होते, आणि ते गाळलं तर हकीकत अर्धीच राहील. अर्णव, ईशा, तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मी सावकाश आणि क्रमाने लिहिते. अडेल तिथे आईला विचारा.

आधी मी गेले का, ते. गार्गी, तुमची मामेबहीण, आता वीस वर्षांची आहे. इंजिनिअरिंग शिकते आणि गाते. तिच्याबरोबर तीन मुलं आहेत. निखिल गिटार वाजवतो, सुमित बेस गिटार आणि इम्रान ड्रम. बँडचं नाव ‘सिंगल फेज’. आपल्याकडे खेडोपाडी वीज पुरी नसली की सिंगल फेज देतात; दिवा लागतो, पण पंप चालत नाही. आपलंही तसंच आहे, असं ही मुलं हसत सांगतात. गाणी ते स्वतःची स्वतः करतात. कॉलेजच्या गॅदरिंगला सगळे म्हणत, सिनेमातली वाजवा. हे नाही म्हणत, आणि पुढच्या वर्षी त्यांना कोणी बोलवत नसे. तीन वर्षांत दोन स्पर्धा हरले. स्वतःच एक सीडी केली, ती मित्रांनीच घेतली.

आणि मग विंचूरच्या वाइन पार्कमधल्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं. खरं स्टेज, खरी ध्वनियंत्रणा, आणि ऐकायला मुंबईचे एक कार्यक्रम ठरवणारे गृहस्थ. प्रसाद, तुमचा मामा, गार्गीला म्हणाला, “जा. पण आजी बरोबर येईल. आणि काही कमीजास्त झालं, तर हे गाणंबजावणं तिथेच संपलं. मग फक्त परीक्षा.”

म्हणजे मी पहारेकरी. गार्गीला ते आवडलं नाही. मलाही आवडलं नव्हतं, पण प्रसादची भीती मला कळत होती.

शुक्रवार, इंदिरानगर ते निफाड

सकाळी सातला निघायचं ठरलं होतं, निघालो पावणेदहाला. निखिलच्या वडिलांची जुनी सुमो, मागे ड्रमचे गोल डबे, त्यांच्यावर माझी पिशवी. निखिल गाडी चालवत होता. औरंगाबाद रस्त्यावर उसाच्या गाड्या असतात, त्यांच्या मागून तो गाडी अशी झपकन बाहेर काढायचा की मी पुढच्या सीटची कड घट्ट धरून बसले होते. चांदोरीजवळ तो खोकायला लागला. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने समोरच्या खणातून छोटा निळा पंप काढून त्याने तोंडात दोनदा दाबला.

“दमा आहे का रे तुला?” मी विचारलं.

“थोडासा, आजी. धूळ असली की.”

“आणि धूळ कधी नसते?”

“पावसाळ्यात,” इम्रान मागून म्हणाला. “तेव्हा याला बुरशीचा त्रास होतो.”

सगळे हसले. मी हसले नाही.

निफाडच्या पुढे चार किलोमीटरवर निखिलच्या मामांचा मळा आहे. मामा कांदा घेऊन मुंबईच्या बाजारात गेलेले होते, शनिवारी संध्याकाळी परतणार होते. मामींनी दारातच पाणी आणि गूळ दिला. जेवायला बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची ओली चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. भाकरीला आपल्या घरच्या भाकरीची सर नाही असं म्हणायचं मी मनाशी ठरवूनच बसले होते, पण तीन खाल्ल्या.

मग त्यांनी मला सरावाची जागा दाखवली. शहरात, आमच्या इंदिरानगरात, शेजाऱ्यांनी तीनदा तक्रार केल्यापासून ही मुलं सरावाला इथे येतात, हे मला माहीत होतं. जागा कसली आहे, ते माहीत नव्हतं.

ते शीतगृह होतं. द्राक्षं तोडली की ट्रकमध्ये भरण्याआधी ती थंड करावी लागतात, त्यासाठी मळ्यातच बांधलेली एक खोली. खिडकी नाही. भिंती वीतभर जाड, आत फोम आणि दोन्ही बाजूंनी पत्रा. दारही तेवढंच जाड, फ्रिजसारखं कडेने रबर लावलेलं. यंदा व्यापारी माल मळ्यातूनच उचलून नेत होता, म्हणून जानेवारीपासून यंत्र बंदच होतं; आता एप्रिल संपत आला होता आणि हंगामही उरकला होता. मुलांनी आतून सगळ्या भिंतींना, दारालासुद्धा, अंड्यांचे कागदी ट्रे आणि जुन्या गाद्यांचे तुकडे चिकटवले होते. आत पाऊल टाकलं आणि माझा स्वतःचाच आवाज मला ओळखू येईना. बोललेला शब्द तोंडाबाहेर पडताच कोणीतरी झेलून खिशात घालावा, तसं होत होतं. आणि एक तिखट वास. द्राक्षं टिकावीत म्हणून पेट्यांमध्ये गंधकाचे कागद ठेवतात, त्यांचा गठ्ठा कोपऱ्यात पडला होता.

“भारी ना, आजी?” सुमित म्हणाला. “आत बॉम्ब फुटला तरी बाहेर फक्त धप्प ऐकू येतं.”

मला ते भारी वाटलं नाही. हवा कुठून येते, असं मी विचारलं. दाराच्या फटीत द्राक्षांचा एक प्लास्टिकचा क्रेट अडकवून ठेवतो, तो म्हणाला.

बाहेर शेडमध्ये पाचसहा बायका क्रेट धूत होत्या. त्यांच्यातल्या यमुनाबाई सुरगाण्याकडच्या. त्यांची घरची शेती डोंगरातली, भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची. ती उरकली की दर हंगामाला त्या इकडे येतात, आणि आता आठवड्याभरात परत जाणार होत्या.

“तुमची नात का?” त्यांनी मला विचारलं. “आवाज लय मोठा हाय तिचा. आमच्याकडं एवढं वरडली तर गावातली मानसं काठ्या घेऊन येतील. वाटंल, बिबट्या आला.”

“तुम्हाला त्रास होत असेल.”

“आधी व्हायचा. आता नाय. बडवतात, वरडतात, आमी आमचं काम करतो.”

हे वाक्य मला दुसऱ्या दिवशी आठवणार होतं.

शनिवार, निफाड

शनिवारी सकाळपासून मुलं सरावात होती. साडेबारा वाजले तरी जेवायला येईनात, म्हणून मामींनी डबा भरला आणि मी तो घेऊन निघाले. ऊन इतकं होतं की शेडचा पत्रा तडतडत होता.

आता मी जे केलं ते नीट लिहिते, कारण त्यात माझ्या सवयीखेरीज कोणाचाही दोष नाही. दारात तो क्रेट आडवा पडलेला होता. हातात डबा, पायात साडी. पडायला होईल, असं मनात आलं. वाटेत वस्तू पडलेली मला चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी क्रेट उचलला, बाहेरच्या रांगेत इतर क्रेटांवर नीट बसवला, आत गेले आणि दार ओढून घेतलं. फ्रिजचं दार आपण उघडं ठेवत नाही, तसं. मागे खट् असा आवाज झाला. मुलं वाजवत होती, त्यामुळे त्यांना तो ऐकू आला नाही. मी ऐकला आणि विसरले.

त्यांनी मला एका उलट्या बादलीवर बसवलं आणि उद्याचं पहिलं गाणं म्हणून दाखवलं. गाणं मला फारसं कळलं नाही. बेसचा आवाज कानाऐवजी बरगड्यांत ऐकू येत होता. पण गार्गी डोळे मिटून गात होती, आणि तिचा चेहरा लहानपणी ताप उतरल्यावर दिसायचा तसा दिसत होता, थकलेला आणि मोकळा.

गाणं संपायच्या आत वीज गेली.

निफाडला सध्या दिवसातून चार-पाच तास लोडशेडिंग असतं, त्यामुळे वीज गेल्याचं कोणाला काही वाटलं नाही. दोन्ही गिटारी मुक्या झाल्या. अंधार मात्र असा होता की डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळू नये.

“क्रेट कोणी काढला?” गार्गीने विचारलं.

“मी,” मी म्हणाले.

मोबाइलच्या उजेडात सुमित दाराशी गेला, त्याने ढकललं, मग खांद्याने धक्का दिला. अशा दारांना आतून दाबायचा एक दांडा असतो, तो दाबला की बाहेरची खिट्टी उघडते. माणूस आत अडकू नये म्हणूनच तो असतो.

“दांडा कुठे आहे?” मी विचारलं.

सुमितने मोबाइल खाली केला. “काढलाय, आजी. जानेवारीत. बेस वाजला की खडखडायचा. सीडीत त्याचा आवाज येत होता.”

“मग आता तो कुठे आहे?”

“घरी. माझ्या कपाटात.”

दांड्याच्या जागी दारात बोटभर भोक होतं, तेही त्यांनी चिंधी कोंबून बंद केलेलं होतं. चिंधी काढून इम्रानने त्यात ड्रमची काठी घातली, जोर लावला, पिरगाळली. काठी आतच मोडली. आता भोकही बंद.

दोन मोबाइल होते. पत्र्याच्या त्या पेटीत एकालाही रेंज नव्हती.

मग सगळे एकदम ओरडायला लागले. “मामी! यमुनामावशी! दार उघडा!” सुमित दारावर लाथा घालत होता. इम्रान जाऊन ड्रमवर बसला आणि हातात उरलेल्या काठीने सगळ्यांत मोठ्या ड्रमवर मारत सुटला. त्या बंद खोलीत तो आवाज डोक्यावर हातोडा बसावा तसा येत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेरून काहीही नाही.

मला वाटलं, मी आता शांत राहिलं पाहिजे. विज्ञान शिकलेली बाई आहे मी. एवढ्या खोलीतली हवा पाच माणसांना काही तास पुरेल, असा हिशेब मी मनात मांडला आणि तो बरोबरही होता. पण हिशेब डोक्यात होता आणि भीती पोटात, आणि दोघांची गाठ पडेना. प्रसादला मी काय सांगू, हा एकच विचार फिरून फिरून येत होता, आणि मग त्याहून वाईट विचार आला, की सांगायला मी असेन का.

तेवढ्यात निखिलचा श्वास ऐकू आला.

तो भिंतीशी खाली बसला होता. आत जाणारा श्वास शिट्टीसारखा आणि बाहेर येणारा त्याहून लांब. घाम, धूळ, गंधकाचा तो वास आणि ओरडणं, सगळं एकत्र झालं होतं.

“पंप कुठे आहे?”

“गा... डीत.”

गार्गीने मोबाइलचा उजेड त्याच्यावर धरला. त्याचे खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. मी त्याला पुढे झुकवून बसवलं, हात गुडघ्यांवर ठेवायला लावले, शर्टाची बटणं सोडली. गंधकाचे कागद सुमितने अंगातला शर्ट काढून त्यात गुंडाळले आणि लांबच्या कोपऱ्यात टाकले. यापेक्षा जास्त काही करण्यासारखं नव्हतं. हवा चार तास पुरली असती. निखिलकडे चार तास नव्हते.

इम्रान आणखी जोराने वाजवायला लागला. आणि तेव्हा मला यमुनाबाईंचं बोलणं आठवलं. बडवतात, वरडतात, आमी आमचं काम करतो.

“इम्रान, थांब,” मी म्हणाले.

“काय?”

“थांब. वाजवू नकोस. आणि कोणी ओरडू नका.”

“आजी, थांबलो तर त्यांना कळणार कसं?”

“तू वाजवतो आहेस म्हणूनच कळत नाहीये. तीन महिने त्या बायका हेच ऐकतायत. लाईट गेल्यावरही तू एकटा वाजवत बसतोस ना?”

“हो, पण...”

“त्यांच्या कानाला सगळं नेहमीसारखंच चाललंय. माझी मुलगी आमच्या अर्णवएवढी होती ना,” मी म्हणाले. अर्णव, ही मुलं तुला ओळखतसुद्धा नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. “ती घरभर दंगा करायची तेव्हा मी कधी जागची उठले नाही. आवाज बंद झाला की धावत जायची. एकदा धावत गेले तर ती रॉकेलच्या बाटलीचं बूच काढत होती. मूल गप्प झालं की बाई उठते.”

“आणि नाही उठली तर?” इम्रानचा आवाज फुटला. “आजी, हा मरेल इथे.”

मी चुकत असेन, तर मदतीचा एकमेव मार्ग मीच बंद करत होते. क्रेटही मीच उचलला होता. एका दिवसात एका म्हातारीने किती चुका कराव्यात?

“वीस मिनिटं,” मी म्हणाले. “घड्याळ माझ्याकडे आहे. वीस मिनिटांनी पुन्हा वाजव.”

गार्गी म्हणाली, “इम्रान, ऐक तिचं.”

त्याने काठी खाली ठेवली.

ती वीस मिनिटं कशी गेली हे मला लिहिता येणार नाही, पण प्रयत्न करते. शांतता अशी नव्हतीच. निखिलचा श्वास होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून हळूच मोजत होते, आत दोन, बाहेर चार. मध्येच त्याचा श्वास अडायचा आणि चौघांचेही श्वास थांबायचे. सुमित रडत होता. तोंडात मूठ कोंबून, आवाज होऊ नये म्हणून. सहाव्या मिनिटाला बाहेर काहीतरी आपटलं. सगळे ताठ झालो. काही नाही, क्रेट असावा. अकराव्या मिनिटाला इम्रानने काठी उचलली. मी नाही म्हणाले. तो माझ्यावर चिडला होता, आणि त्याचं बरोबर होतं. चौदाव्या मिनिटाला मी स्वतःच म्हणणार होते, की वाजव बाबा, माझं चुकलं.

पंधरा झाली नव्हती. खिट्टीचा आवाज झाला आणि उजेडाची एक उभी पट्टी पडली. तिच्यात यमुनाबाई, हातात ओला काथ्या.

“मेले का काय म्हनलं समदे!”

गार्गी त्यांच्या अंगावरूनच बाहेर धावली, सुमोकडे, पंप आणायला.

निखिलला ओसरीवर बसवलं. पंपाचे चार दाब घेतल्यावर त्याचे खांदे हळूहळू खाली आले. सुमो निखिलखेरीज कोणाला चालवता येत नव्हती, म्हणून मामी शेजाऱ्याची मोटरसायकल बोलवायला पळाल्या. यमुनाबाई माझ्या शेजारी टेकल्या. माझ्या गुडघ्यावर त्यांनी ओला हात दाबून ठेवला.

“तुम्ही आलात कशा?” मी विचारलं.

“गप झाले ना. आधी वाटलं, जेवत असतील. मग म्हनलं, जेवतानी बी ही पोरं कवा गप नाय बसत.”

निफाडच्या डॉक्टरांनी निखिलला तासभर वाफ दिली आणि मग मला बाजूला घेऊन सुनावलं. उद्या वाजवायचं असेल तर बसून वाजवू द्या, एवढी परवानगी त्यांनी दिली.

संध्याकाळी ओसरीवर गार्गी माझ्याजवळ आली. “बाबांना सांगणार आहेस?”

“हो.”

“सगळं?”

“सगळं. क्रेट मी उचलला, तेसुद्धा.”

तिने पायातल्या चपला काढून भिंतीशी लावल्या. मग म्हणाली, “मीच फोन लावून देते.”

प्रसादने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “मी आत्ता निघतो. दोघींना घेऊन येतो.”

“ये,” मी म्हणाले. “पण उद्या ये. पाच वाजता, विंचूरला. आधी तिचं गाणं ऐक, मग काय ते ठरव. आज तू आलास, तर फक्त भीती ऐकून परत जाशील.”

त्याने फोन ठेवला. तो काय करेल, हे त्या रात्री आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

रविवार, विंचूर

विंचूर जवळ आलं की आधी कांद्याचा वास येतो, मग गाव दिसतं. वाइन पार्कच्या मोकळ्या मैदानावर मांडव, रंगीत छत्र्या, शहरातून आलेली माणसं. हातात लांब दांड्याचे ग्लास धरून ती हळूहळू फिरत होती. आपल्याकडे जत्रेत लोक ढकलाढकली करतात, इथे कोणाचा कोणाला धक्का लागत नव्हता, आणि मला त्याचंही दडपण आलं. मी सगळ्यात आधी मैदानातून बाहेर जायच्या वाटा मोजल्या. चार होत्या.

पाचला दहा मिनिटं असताना प्रसाद आला. माझ्या पाया पडला, शेजारच्या खुर्चीवर बसला आणि स्टेजकडे बघत राहिला.

निखिल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाजवत होता. मी गाणी ऐकलीच नाहीत, त्याचे खांदे बघत होते. पहिलं गाणं संपलं. टाळ्या थोड्याच पडल्या आणि मग दुसरं सुरू होण्याआधी क्षणभर स्टेजवर सगळं गप्प झालं. मी उठून उभी राहिले. का, ते मला कळलं नाही. प्रसादने हाताला धरून बसवलं. इम्रानने ते ड्रमच्या मागून पाहिलं असावं. त्यानंतर प्रत्येक दोन गाण्यांच्या मध्ये तो मोठ्या ड्रमवर पायाने एक हलका ठोका देत राहिला. बाकी कोणाला त्याचं काही वाटलं नसेल.

चौथं गाणं गार्गीने निखिलच्या एकट्या गिटारवर म्हटलं, सावकाश. प्रसाद पुढे वाकून, कोपर गुडघ्यांवर टेकून ऐकत होता. छत्र्यांखालची माणसंही बोलायची थांबली होती.

मुंबईचे ते गृहस्थ कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याशी दहा मिनिटं बोलले. जुलैत मुंबईला एका छोट्या हॉलमध्ये वाजवाल का, असं त्यांनी विचारलं होतं. गार्गी आमच्याकडे आली तेव्हा ही बातमी तिच्या तोंडावर दिसत होती. बापासमोर हात मागे बांधून उभी राहिली. मागे तिघंही येऊन थांबले.

प्रसादने त्यांच्याकडे एकेक करून पाहिलं. निखिलकडे जरा जास्त वेळ.

“जुलैपर्यंत सराव कुठे करणार?” त्याने विचारलं.

“इम्रानच्या घरी,” गार्गी म्हणाली. “शेजाऱ्यांशी त्याचे अब्बा बोलणार आहेत. दुपारी चार ते सहा.”

“खोलीचं दार आतून उघडतं?”

“दारच नाही, बाबा. गच्ची आहे.”

त्याने मान हलवली, खाली वाकून ड्रमचा एक डबा उचलला आणि आपल्या गाडीकडे निघाला. दहा पावलं गेला आणि डबा तसाच छातीशी धरून मागे वळला.

“गच्चीला कठडा केवढा आहे?”